अर्थिंगचं पाणी

पेजर हे यंत्र मला कधीच आवडलं नाही. पोटासाठी त्याची चाकरी केली, एवढंच. पेजर नुसता ऐकतो, उलट काही सांगत नाही. ट्रान्समीटरनं निरोप हवेत सोडला की तो पोचला का नाही, हे कळायला आम्हाला काही मार्ग नसायचा. ज्याला निरोप यायचा त्यालाही तो चुकल्याचा पत्ता नसायचा.

मी मूळचा नांदेडचा. कंपनीनं मला लातूरच्या ट्रान्समीटरवर नेमलं. लातूर जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं त्याला नवा जिल्हाच म्हणायची. नव्या जिल्ह्याला नव्या हौसा. डाळ मिलवाले आणि आडते कमरेला पेजर लावून गोलाईच्या बाजारात फिरायचे आणि चारचौघांत तो वाजावा म्हणून घरच्यांनाच निरोप धाडायला सांगून ठेवायचे. खरी गरज होती ती डॉक्टरांना.

आमचा ट्रान्समीटर आडत बाजारामागच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर, एका खोलीत होता. तिथून तांब्याची जाड पट्टी भिंतीवरून खाली उतरून मागच्या अंगणातल्या खड्ड्यात गाडलेली होती. खड्ड्यात मीठ आणि कोळसा. हे आमचं अर्थिंग. माती ओली असली की नको असलेली वीज तिथून मुकाट जमिनीत उतरते, सुकली की मशीन बिथरतं. खड्ड्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत इमारतीची झाडलोट करणाऱ्या मावशी राहायच्या. त्या औशाकडच्या. सोबत नवरा गेलेली लेक आणि तिचं तान्हं बाळ.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. संक्रांतीच्या आधीच नळ आटले. मावशी कुठल्याशा विहिरीचं गढूळ पाणी आणायच्या आणि ते पिऊन बाळाला हगवण लागली होती. अशात एका दुपारी प्रसूतिगृहाचे एक डॉक्टर जिने चढून माझ्यासमोर आले. दवाखान्यातून त्यांना पुन्हा पुन्हा निरोप धाडले होते, पेजर एकदाही वाजला नव्हता. बाळंतीण वाचली, तिचं बाळ गेलं. त्यांनी आवाज चढवला नाही. पेजर माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले.

केबल तपासली, अँटेना तपासली, सगळे जोड उघडून पाहिले. मशीन आपोआप बंद पडून आपोआप सुरू होत होतं. मधल्या वेळेतले निरोप कुठं जात होते कोण जाणे. शेवटी खाली उतरलो. खड्ड्याभोवतीची काळी माती इतकी भेगाळली होती की आत पंजा जात होता आणि तांब्याची पट्टी हलत्या दातासारखी लटलट करत होती. मी कंपनीला कळवलं. रोज सकाळी खासगी टँकरमधून दोन घागरी खड्ड्यासाठी यायला लागल्या. पाणी ओतायचं काम मावशींकडं दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी पाणी ओतलं आणि ते जिरेपर्यंत खड्ड्याकडं बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली रीत बसवली. आधी पिण्यापुरतं पाणी बाजूला काढून उकळायचं. मग खड्ड्यावर दगड टाकून त्याच्यावर बाळाची आंघोळ. मग तिथंच भांडी, तिथंच धुणं. सगळं पाणी शेवटी खड्ड्यातच. मी मीटर लावून पाहिलं. रीडिंग उत्तम होतं. मशीनला साबणाचं वावडं नव्हतं. चालू द्या म्हणालो. महिन्याभरात बाळाच्या अंगावर मांस दिसायला लागलं. मला त्या नोकरीत आनंद झाला तो तेवढाच.

ऐन उन्हाळ्यात पुण्याहून मोठे साहेब आले. एरवी ते उंटावरून शेळ्या हाकायचे, त्या दिवशी मात्र थेट अंगणात उतरले. कंपनीच्या अर्थिंगवर एक बाळ आंघोळ करताना पाहून ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी एका पावडरीची पोती आणवली होती. ती मातीत एकदाच कालवून भरायची, वरून सिमेंटचं झाकण बसवायचं, की खड्डा वर्षानुवर्षं ओल धरून ठेवतो. टँकरची गरज नाही. मी म्हणालो, रीडिंग चांगलं आहे, हात कशाला लावायचा? ते म्हणाले, टँकरवर किती दिवस काढणार? मी म्हणालो, या माणसांनी पाणी कुठून आणायचं? ते म्हणाले, हा प्रश्न कंपनीचा नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

काम माझ्याच हातांनी करायचं होतं. पावडर कालवताना मनातून वाटत होतं, हे फसावं. जरा कच्चं ठेवलं असतं तर टँकर परत सुरू झाला असता. पण त्या डॉक्टरांचा पेजर अजून माझ्या टेबलावरच होता. मी मन लावून काम केलं. रीडिंग पहिल्यापेक्षा चांगलं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रिकामी घागर घेऊन झाकणाशेजारी बसल्या होत्या. टँकर आता येणार नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी झाकणावरून हात फिरवला.

"आता ह्याला तहानच लागत न्हाई का, भाऊ?"

"नाही, मावशी."

"बरं हाय त्याचं."

पुन्हा विहिरीचं पाणी सुरू झालं आणि बाळाची हगवणही. मी खाणावळीतून कळशी भरून आणायला लागलो, तर चार दिवसांत खाणावळवाल्यानं हात जोडले. त्याच्याकडंच नव्हतं. मग एका सकाळी पत्र्याच्या खोलीला कुलूप दिसलं. वॉचमन म्हणाला, बहिणीकडं रेणापूरला गेल्या, तिथल्या एका विहिरीला पाणी आहे म्हणतात. बाळ कसं होतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, मावशींनी पदराखाली घेतलं होतं, रडत नव्हतं.

मशीन त्या उन्हाळ्यात एकदाही बंद पडलं नाही. डॉक्टर येऊन आपला पेजर घेऊन गेले. रेणापूर आमच्या टप्प्यात होतं, तिथपर्यंत निरोप व्यवस्थित पोचत होते. तिकडून मला कधीच काही कळलं नाही.