झऱ्यावरची सभा

पृथ्वी घडवताना देवाने आमच्या हिच्या मामांना मदतीला घेतलं असतं, तर काम अगदी रीतसर झालं असतं. फक्त ते अजून चालू असतं. मामा शहापूरच्या एका संस्थेत प्रकल्प सहाय्य कक्षाचे प्रमुख होते. संस्था वाड्यापाड्यांवर पाण्याची कामं करते आणि ती नीट पार पडावीत म्हणून लागेल ती मदत हा कक्ष करतो. कक्षात माणसं दोनच, मामा आणि मी. अशा कक्षाने कसं वागावं याची मार्गदर्शिका मामांनी स्वतः लिहिली होती. ‘कक्ष मदतीला असतो, मानेवर बसायला नाही’ हे तिचं पहिलं वाक्य ते माझ्या मानेवर बसून मला रोज ऐकवत.

ही मार्गदर्शिका ऑफिसात ठेवून घरी येणं त्यांना जमलंच नाही. आमच्या लग्नात त्यांनी संभाव्य धोक्यांची यादी मांडवाच्या खांबाला चिकटवली होती. धोका चौथा, नवरदेव घाबरणे. जबाबदार व्यक्ती, नवरदेव. सगळं वऱ्हाड ती वाचून मगच जेवायला बसलं. तानशाला सहलीला गेलो, तर परतताना जीपमध्ये आढावा: काय जमलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. मामी म्हणाल्या, “पुढच्या वेळी तुम्हाला न्यायचं नाही.” मामांनी तेही शांतपणे लिहून घेतलं. त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची ‘धड्यांची वही’ होती. काम चुकलं की त्यात लिहायचं, पण लिहिणाऱ्याने फक्त स्वतःची चूक लिहायची. दुसऱ्याची लिहिली तर पान बाद. या एका नियमापायी माझा मामांवर फार जीव होता. तोंडावर मात्र मी कधी तसं बोललो नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीला वरच्या झऱ्यापासून पाइप टाकून नळ द्यायचा होता. निम्म्या घरांच्या सह्या झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही आणि सभा सकाळी अकराला घ्यायची, असं मार्गदर्शिका सांगत होती. आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा हजर दोन म्हातारे आणि एक शेळी. मामा ‘गणसंख्येअभावी तहकूब’ लिहून परत फिरले. इकडे शिमगा जवळ आला, झरा बारीक होत चालला. चौथ्या सभेची चिठ्ठी मिळाली तशी वाडीतली चांगुणाबाई शहापूरला येऊन थेट आमच्या टेबलापुढे उभी राहिली.

“दादा, अकराला आमी रानात असतो. तुमी येता नि जाता. आता नळ नाय झाला, त उन्हाळाभर आमी झऱ्यावरच बसायचा काय?”

“मग तुम्ही सगळ्याजणी भेटता कधी?” मामांनी विचारलं.

“उजाडता झऱ्यावर. वाटीवाटीनं हंडा भरतो, जातो कुठं?”

मामांनी निळी वही काढली आणि लिहिलं, ‘सभेची वेळ मी माझं घड्याळ बघून ठरवली. चूक माझी.’ मार्गदर्शिकेतले अकरा त्यांनी पट्टी लावून खोडले.

आम्ही आदल्या दिवशीच वाडीवर मुक्कामाला गेलो आणि उजाडता झऱ्यावर सभा भरली. पालथ्या हंड्यांवर कागद ठेवून अंगठे झाले. एकीने विचारलं, “पायपात बेडूक शिरला त?” मामांनी तिथल्या तिथे धोका नववा लिहिला, बेडूक, उपाय, जाळी. शिमग्यानंतर आठ दिवसांत वाडीत नळ आला.

यंदा मामा निवृत्त झाले. काम संपलं की समारोपाची सभा घ्यायचीच, तीही जिथे कामाची सभा झाली तिथे आणि त्याच वेळी, हा त्यांचा नियम. या वाडीची तेवढी राहिली होती, म्हणून चिठ्ठी गेली होती. उजाडता आम्ही झऱ्यावर जाऊन बसलो. कोणी नाही. ऊन वर आलं, जाळीवर एक बेडूक येऊन बसला, तरी कोणी नाही. मामांनी वही उघडून लिहिलं, ‘हजर दोन, दोघेही कक्षाचे. गैरहजेरीचं कारण, नळ.’ धड्याची ओळ त्यांनी कोरी ठेवली.

“जावईबापू, गणसंख्या नाही. तहकूब लिहायचं का?”

“नको मामा. सभा संपली, असं लिहा.”

खालून चांगुणाबाईची हाक आली, “दादा, खाली या, चाय ठेवलाय. झऱ्यावर आता कोण येतंय?”

मामा हसले. पेनाला टोपण लावून वही त्यांनी मांडीवर मिटली, आणि चहा निवेपर्यंत तिथेच बसून राहिले.