हेमाने वगळलेला चॅनेल

शुक्रवार, २५ जुलै. सकाळपासून पाऊस. अकराच्या आधीच मोबाइल बंद पडले. मी हेमाकडे जाऊन बसले. बारापासून दुपारी दीडपर्यंत लिफ्ट बंद.

हेमा सबनीस माझी शेजारीण. कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोघी चौथ्या मजल्यावर. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर तिने परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला. तिचा सेट जेवणाच्या टेबलावरच असतो. ऐकता येतं तसं त्यावर बोलताही येतं. स्कॅनवर ठेवला की तो साठवलेले वीस चॅनेल एकामागून एक ऐकत जातो आणि आवाज येईल तिथे थांबतो.

त्या दिवशी तिचं चित्त काळुरामकडे होतं. तोही हौशी रेडिओवाला, कल्याणच्या पलीकडे नदीकाठी राहतो. आई अंथरुणाला खिळलेली. घरात पाणी शिरलं तर पाच नंबरच्या चॅनेलवर हाक मारीन, असं त्याने सकाळीच फोनवर सांगितलं होतं. पाऊण तास सेट फिरत राहिला. ठाण्याचे, कर्जतचे लोक बोलले, काळुराम नाही. मी म्हटलं, म्हणजे ठीक असेल.

हेमा आकड्यांकडे बघत होती. चार, मग थेट सहा. तिचा चेहरा उतरला. लिफ्ट हलली की मोटरची खरखर पाच नंबरवर येई आणि सेट तिथेच अडकून बसे, म्हणून महिन्यापूर्वी तिनेच तो चॅनेल स्कॅनमधून वगळला होता.

तिने स्कॅन थांबवून पाच नंबर लावला. काळुराम बोलतच होता, अगदी क्षीण आवाजात. तेवढ्यात लिफ्ट हलली आणि शब्द बुडाले. खरखर कापायची सोय सेटवर आहे, पण त्या सोयीने काळुरामचा बारीक आवाजही कापला गेला असता.

सोसायटीचा सेक्रेटरी आनंद याला तिने जिन्यातून हाक मारून वर बोलावलं आणि लिफ्ट बंद करायला सांगितलं. तुमच्या छंदापायी लोकांनी सात मजले चढायचे का, असं त्याने विचारलं.

हेमाने माझ्याकडे बोट केलं. "काकू अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, त्या रोज जिन्याने जातात. तू पन्नाशीचा ना रे?"

तो गुमान खाली गेला आणि त्याने लिफ्टचा मेन स्विच पाडला.

मग हेमा पुन्हा एक्स्चेंजमधली झाली. घर कुठलं, माणसं किती, आईला गच्चीवर नेलंत का. प्रत्येक उत्तर परत म्हणून पक्कं केलं आणि ठाण्याच्या मदत केंद्रात सेट घेऊन बसलेल्या सौमित्रला कळवलं. आवाज एकदाही चढला नाही. दीडला काळुराम म्हणाला, "ताई, होडी आली. आईला घेतलं."

मी कौतुक करायला वळले, तर ती वहीत लिहीत होती. रेडिओवरच्या प्रत्येक बोलण्याची ती नोंद ठेवते. "११.१० ते ११.५५ पाच नंबर वगळलेला. चूक माझी."

तिला कोणी विचारलंही नसतं. मी साठ वर्षं डायरी लिहिते आहे. स्वतःची चूक अशी मिनिटांसकट मी कधी लिहिलेली नव्हती.

त्या संध्याकाळच्या माझ्या डायरीतली शेवटची ओळ: दूध १०.५० ला फ्रिजबाहेर काढलं, आत ठेवायला विसरले. नासलं. चहा कोरा.