दोघांनी बघितलेली बंदूक

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी रोज झाडून काढल्या तरी साचतातच. एक वाळू आणि दुसरे किस्से! वाळूसाठी आम्ही फिल्टर बसवले, दारांना रबराच्या पट्ट्या लावल्या. किस्स्यांचा बंदोबस्त मात्र अजून कुणाला जमलेला नाही.

अबू धाबीच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं छोटंसं डिझाइन ऑफिस आहे, मागे वर्कशॉप. आम्ही शिकारीच्या शॉटगन डिझाइन करतो. साफ करायला सोप्या आणि हाताळायला सुरक्षित, असं आमच्या पाटीवरच लिहिलंय. आमची गिऱ्हाइकं हिवाळ्यात शिकारीला परदेशी जातात आणि एरवी क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडतात. मी मिरजेची, शाकाहारी, झुरळ दिसलं की नवऱ्याला हाक मारणारी. अशा बाईच्या हाती बंदुकीची सेफ्टी दिलेली आहे! लोक हसतात. हसू देत. बाकीच्या किस्स्यांत हसण्यासारखं फार नाही.

*

इंटरव्ह्यूला समोर परकार साहेब बसले होते. आमचे डिझाइन हेड. मूळचे रत्नागिरीकडचे, उभं आयुष्य आखातात गेलं, पण मराठी माणूस समोर आला की इंग्रजी खुंटीला टांगतात. टेबलावर एक बंदूक होती. माझी डिग्री, अनुभव, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "सुजाता, ती जरा इकडे दे."

मी दिली. त्यांनी घेतली नाही! हात खिशात घालून बसून राहिले. मी बंदूक धरून अवघडून उभी.

"आधी तू उघडून आत बघायचं आणि म्हणायचं, फादी. मग मी बघायचं आणि म्हणायचं, फादी. मगच हातातून हात." फादी म्हणजे अरबीत रिकामी.

मी खाली बघितलं. "साहेब, ही लाकडाची आहे. हिला भोकच नाही!"

"बघितलंस ना? मग म्हण."

"फादी," मी म्हणाले. त्यांनीही त्या भरीव लाकडाकडे गंभीरपणे डोळे बारीक करून बघितलं, "फादी" म्हणाले आणि ते दांडकं हातात घेतलं. "रिकामी बंदूक असं काही नसतं. दोघांनी बघितलेली बंदूक असते. सोमवारपासून ये."

ही सवय अशी हाडात मुरली की परवा घरी नवऱ्याच्या हातात कुकर देताना माझा हात सुटेना. "आधी बघ!" त्यानं झाकण काढून बघितलं. आत वाफाळता भात. "फादी नाहीये," तो म्हणाला, "आता सोड, चटका बसतोय!"

*

बू राशिद आमच्याकडे कसे आले, तो किस्सा वेगळाच आहे. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील, इथे थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. हे इथलेच, एमिराती. पिकली दाढी, ताठ कणा, आणि क्लबात त्यांच्या तोडीचा नेमबाज नाही. जुन्या पिढीतले, त्यामुळे हिंदी फर्डं. परकार साहेब त्यांच्या मागेच लागले होते की आमच्या बंदुका तुम्ही चालवून बघा, चुका काढा.

त्यांनी एक अट घातली. त्यांचा मुलगा राशिद बँकेत मोठा ऑफिसर आहे, स्वतः दोन मुलांचा बाप. त्यानं आजवर बंदुकीला बोट लावलेलं नाही, कारण वडील लावू देत नाहीत. दर हिवाळ्यात तो विचारतो, मी येऊ का बरोबर? दर हिवाळ्यात बू राशिद एकटे जातात.

"जिस दिन तुम लोग ऐसी बंदूक बनाओगे जो मैं अपने बेटे के हाथ में दे सकूँ," ते म्हणाले, "उस दिन मेरा काम खलास."

मी वही उघडून विचारलं, त्या बंदुकीनं नेमकं काय करायला हवं? ते मला पोरीसारखं 'बिन्ती' म्हणत. म्हणाले,

"मेरे जैसे आदमी को रोके, बिन्ती."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. काही बाप मुलाच्या हातात गाडीची किल्ली देत नाहीत, तसं काहीतरी. पण तेव्हापासून प्रत्येक मॉडेल ते चालवून बघायचे, कौतुकानं दस्त्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "बहुत अच्छी है. मेरे लिए."

म्हणजे नापास! आम्ही मुकाट्यानं पुन्हा कम्प्युटरसमोर बसायचो.

*

आम्ही अल रीम आयलंडवर राहतो. तिथे आमच्या टॉवरमध्ये हळदीकुंकू होतं. नवीन आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, बंदुका डिझाइन करते. त्यांच्या हातातली तिळाची वडी तशीच राहिली.

"पण तुम्ही तर शाकाहारी ना?"

इतक्यात आमचे चिरंजीव फोनमधून डोकं न काढता म्हणाले, "डोन्ट वरी आंटी. ममा मेक्स गन्स बोअरिंग!"

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी हे परकार साहेबांना सांगितलं, वाटलं तेही हसतील. ते हसले नाहीत. "पोरगं हुशार आहे तुझं," म्हणाले. "बंदुकीची कुणाच्या घरी गोष्ट होऊ नये, एवढंच तर आपलं काम."

*

आमचं पहिलं मॉडेल वाळूनं खाल्लं. मॅन्युअलमध्ये मी लिहिलं होतं, नियमित तेल द्या. आता इथल्या माणसाचं बंदुकीवर प्रेम फार. मॅन्युअलमध्ये थेंब म्हटलं की हा धार सोडणार! त्या तेलात वाळवंटातली बारीक वाळू जाऊन बसली आणि आतला चाप, स्प्रिंग, सगळं मळलेल्या कणकेसारखं चिकट झालं. चाप ओढला तर परत येईना. माणूस वैतागून बंदूक हलवतो, आपटतो, आणि ती भरलेली असते. नुसत्या विचारानं मला घाम फुटला.

मग आम्ही उलटा विचार केला. चापाचा अख्खा डबाच हातानं बाहेर काढता येईल असा केला. स्क्रूड्रायव्हर नाही, काही नाही. बंदूक उघडी असेल तरच तो सुटतो, मिटलेलीतून निघतच नाही. म्हणजे साफ करायला बसायचं तर आधी नळ्या उघडाव्याच लागतात. भागांवर असा लेप दिला की तेलाची गरजच नाही. साध्या पाण्यानं धुवा, झटका, बसवा.

बू राशिद ती बंदूक घेऊन वाळवंटात गेले, मी आणि परकार साहेब मागोमाग. त्यांनी डबा काढला आणि सरळ वाळूत पुरला! माझा जीव वर-खाली. मग उकरून काढला, पिण्याच्या बाटलीतल्या पाण्यानं धुतला, बसवला, दोन बार काढले. दोन्ही लागले. उरलेलं पाणी स्वतः प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "बहुत अच्छी है."

आम्ही श्वास रोखून उभे.

"मेरे लिए."

*

मग एका गिऱ्हाइकानं बंदूक साफ करून जोडताना सेफ्टीचा एक बारकासा तुकडा उलटा बसवला. बटण 'बंद' दाखवत होतं आणि बंदूक चालू होती. क्लबात जमिनीकडे तोंड असताना बार उडाला. कुणाला लागलं नाही. त्या दिवशी ऑफिसात कुणी जेवलं नाही.

आमचा सेल्स मॅनेजर इलियास, लेबनॉनचा, बोलायला गोड. मीटिंगमध्ये म्हणाला, "हबीबी, धिस इज यूजर एरर. मॅन्युअलमध्ये फोटो आहे."

परकार साहेबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "उलटा बसू शकतो, तर तो मीच उलटा बसवलाय. त्या माणसानं फक्त माझी चूक पुरी केली."

नवीन तुकड्याला आम्ही एका बाजूला खाच दिली. सरळ बसतो, उलटा बसूच शकत नाही. खात्री करायला साहेबांनी अख्ख्या ऑफिसला डोळे बांधून तो बसवायला लावला. अकाउंट्सवाले, रिसेप्शनची मुलगी, सगळे. इलियासला त्यांनी मुद्दाम सांगितलं, तू उलटाच बसव. त्यानं ढकललं, दाबलं, शेवटी इरेला पेटून हातोडी आणली. तुकड्याचे दोन तुकडे झाले, पण उलटा काही बसला नाही.

"पास!" साहेब म्हणाले. इलियास अंगठा चोखत बसला होता.

*

तरीही बू राशिदांचं 'मेरे लिए' काही संपेना. मग आम्ही खुणेची पिन केली. दुनळी बंदूक, प्रत्येक नळीवर एक. नळीत काडतूस असलं की पिन वर येते, बोटाला लागते. न उघडता, न बघता, नुसत्या स्पर्शानं कळतं की आत काहीतरी आहे. शिवाय बंदूक उघडून मिटली की सेफ्टी आपोआप लागते.

इलियासनं दोन्हीला विरोध केला. तो काही वाईट माणूस नव्हे, त्याला गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागतात. म्हणाला, "एक्स्पर्ट लोकांना हा अपमान वाटतो. ते म्हणतात, ही बंदूक आम्हाला शाळेतली पोरं समजते. नवशिक्यांसाठी वेगळं मॉडेल करा. एक्स्पर्टना याची गरज नाही."

बू राशिद कोपऱ्यात कहवा पीत बसले होते. मीटिंगमध्ये ते कधी बोलत नसत. फिंजानचा छोटा पेला खाली ठेवून म्हणाले, "मैं एक्स्पर्ट था."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"पूरे खानदान में मेरे जैसा निशाना किसी का नहीं था. हम शिकार से वापस आए थे. मैं बंदूक साफ करने बैठा. खोली, एक कारतूस निकाला. मेरा छोटा भाई सामने बैठा चाय डाल रहा था, और हम हँस रहे थे, किसी बात पे हँस रहे थे. दूसरा कारतूस बातों में अंदर रह गया. मैंने बंदूक बंद की और कपड़ा फेरने लगा." आपल्या हातांकडे बघत ते म्हणाले, "उस दिन भी मैं एक्स्पर्ट था."

इलियास उठला, त्यांच्याजवळ गेला आणि इथल्या आदराच्या रीतीनं त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. पिन राहिली. सेफ्टीही राहिली. सगळ्या मॉडेल्सवर.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन बाहेर आले तर परकार साहेब दारातच उभे. म्हणाले, "त्यांच्या घरात हा विषय कधी निघत नाही. त्या भावाचं नावसुद्धा नाही." मग आम्ही दोघं कामाला बसलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

*

गेल्या हिवाळ्यात ती बंदूक पूर्ण झाली. एका सकाळी बू राशिद वर्कशॉपमध्ये आले, डोळे मिटून दोन्ही पिनांवरून अंगठा फिरवत बसले. काडतूस घातलं, फिरवला. काढलं, फिरवला. कितीदा तरी. मी 'मेरे लिए'ची वाट बघत होते. त्यांनी फोन काढला आणि मुलाला म्हणाले, "क्लबात ये."

मी आणि परकार साहेब, आम्ही दोघंही गेलो. बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. राशिद ऑफिसातून थेट आला होता, कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ कंदुरा, पायात चकचकीत चपला.

बू राशिदांनी बंदूक उघडली, आत बघितलं. "फादी." राशिदनं वाकून दोन्ही नळ्यांत बघितलं. "फादी." हातातून हात झाला. वडिलांनी दस्ता त्याच्या खांद्याला नीट टेकवला, कोपर वर उचललं, आणि एक पाऊल मागे झाले.

राशिदनं काडतूस भरलं. पिन वर आली, त्यानं ती चाचपून बघितली. सेफ्टी काढली, तबकडी सोडायला "यल्ला" म्हणाला. तबकडी उडाली, उन्हात केशरी चमकली, बार झाला, आणि तबकडी आरामात लांब जाऊन वाळूत पडली. अख्खीच्या अख्खी! परकार साहेबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

बू राशिद हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, दाढी हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसताहसताच मुलाला अरबीत म्हणाले. एवढं अरबी मला आता कळतं.

"तुझा काकाही पहिली तबकडी नेहमी चुकवायचा!"

राशिदही हसला. मग थांबला. "कोणता काका, बाबा? हमद काकांनी तर कधी बंदूक धरलेली नाही."

बू राशिदांच्या चेहऱ्यावर हसू क्षणभर तसंच राहिलं. मग ते सावलीतल्या बाकावर जाऊन बसले आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"बंदूक उघडून ठेव," ते म्हणाले, "आणि इथे बस."