रंगीचं पथ्य

जत तालुक्याच्या कोरड्या मुलखात मेंढरं राखणाऱ्या अंबूबाईच्या दंडाचा लचका लांडग्यानं तोडला, तेव्हा तिची साठी उलटली होती. पहाटे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरात शिरून तो कोकरू ओढत होता. अंबूबाईनं कोकराच्या तंगड्या धरल्या, तसा तो तिच्यावरच आला आणि दंडाला डसला. ती उताणी पडली. त्याचा जबडा तिच्या नरड्याशी यायला आणि तिच्या कुत्रीनं, रंगीनं, त्याच्या मानेत दात रोवायला एकच गाठ पडली. दोन्ही जनावरं एकमेकांना फाडत धुळीत लोळली. अंबूबाईनं कुऱ्हाड उचलून त्याच्या पाठीत घातली, तेव्हा कुठं तो रगात सांडत पळाला.

त्या दिवसापासून तिचा धाकटा दीर नानासो रंगीला वाघीण म्हणू लागला. दोघांची मेंढरं एकाच कळपात होती. जत्रेत बकरं पडलं, की चरबीचे गोळे तो आधी रंगीपुढं टाकायचा. ती गपागपा गिळायची आणि हा मांडीवर थाप मारून हसायचा.

यंदाच्या जत्रेनंतर रंगी ओकायला लागली. पुढचं अंग जमिनीला टेकून, ढुंगण वर करून कण्हत राहायची. पोटाला हात लावला, की अंबूबाईवरही दात विचकायची. अंबूबाईचा मुलगा मल्हार पिकअप चालवायचा. त्यानं दोघींना जतला पल्लवी डॉक्टरांकडं नेलं.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाल्या, “मावशी, हिच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. अन्न पचवणारा रस आतल्या आत तिलाच जाळतोय. चरबी खायला घातली होती का?”

“लय घातली, बाई.”

सलाईन लागलं, दुखण्याची आणि ओकारीची इंजेक्शनं झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की चरबी, कातडी, तेल, साय, रस्सा, सगळं बंद. मऊ भात आणि कोंबडीच्या छातीचं मांस उकडून, वरचा तवंग काढून. जोडीला थोडा लाल भोपळा. तेही एकदम पोटभर न देता घासाघासानं. “आणि कुणी ताकदीचं औषध आणलं, तर मला विचारल्याशिवाय पाजू नका.”

अंबूबाईनं रंगीसाठी वेगळं पातेलं केलं. नानासो बघून थुंकला. “वैनी, मेंढराच्या कुत्रीला भोपळा? लांडगं हसत्याल की!”

“हसू द्या भावजी. ती जगली पायजे.”

मग लांडग्यानं नानासोची गाभण मेंढी मारली. पोट फाडून आतडी पार बांधापर्यंत ओढत नेली होती. रंगी एकदा भुंकली आणि मटकन खाली बसली होती. नानासो दिवसभर पीत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीवर रंगीचा भात ठेवून गेलेली अंबूबाई टँकरवरून घागर घेऊन आली, तर रंगीचं किंचाळणं कानावर आलं. घागर टाकून ती पळाली.

नानासोचा गुडघा रंगीच्या मानेवर होता. तिच्या जबड्यात लाकूड अडकवून तो ताकदीसाठी आणलेली माशाच्या तेलाची बाटली घशात ओतत होता आणि बोटांनी चरबी आत कोंबत होता. लाकूड निसटलं. रंगीनं त्याचं बोट फोडलं. तो उठला आणि तिच्या दुखऱ्या पोटात लाथांवर लाथा घालू लागला.

“नाना, पाय आवर!”

“मरू दे रांडंला! माझी मेंढी गेली!”

त्यानं दगड उचलला, तशी अंबूबाईची काठी त्याच्या मनगटावर बसली. हाड कडकन मोडलं. दुसऱ्या हातानं त्यानं तिचा अंबाडा धरला आणि तिचं कपाळ चुलीच्या दगडावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. डोळ्यांत रगात उतरलं. तिला काही दिसेना. चाचपडत्या हाताला चुलीवरचं पातेलं लागलं आणि रंगीचा उकळता भात तिनं त्याच्या छातीवर ओतला.

सदऱ्याबरोबर कातडी सोलून आली. त्याची किंकाळी ऐकून मल्हार शिवारातून धावत आला.

पिकअपच्या हौद्यात एका अंगाला नानासो, दुसऱ्या अंगाला रंगी, मधे कपाळाला पदर दाबून अंबूबाई. नानासो आणि रंगी दोघंही कण्हत होती.

“वैनी... पाणी.”

तिनं त्याच्या तोंडात पाणी घातलं, छातीवर ओतलं. रंगीनंही मान उचलली, पण ती ओकतच होती. तिच्या जिभेवर अंबूबाईनं फक्त ओला पदर फिरवला.

नानासो दवाखान्यातून आल्यावर भावकी बसली. चुलतसासरे अमृततात्या म्हणाले, “अंबू, कुत्र्यापायी माणूस जाळलंस?”

“व्हय, जाळलं. हात मोडला त्याचं मला काय वाटत न्हाई. पर भात वतायला नको हुता.” एवढं बोलून ती रडली. भावकीनं मेंढरं वेगळी केली.

रंगी वाचली, पण खाल्लेलं अंगी लागेना, विष्ठा तेलकट पडायची. पुन्हा तपासलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, की स्वादुपिंडाचा पाचक रस तयार करणारा भाग पार झिजलाय. आता घासागणिक एक पावडर कालवावी लागते, अधूनमधून बी-बारा टोचावं लागतं. वाघरावर मल्हारची दोन तरणी कुत्री असतात. रंगी पालाच्या दाराशी पडून असते.

नानासो कधीमधी रस्त्याकडंला येऊन उभा राहतो. मनगट वाकडं आहे, गळ्यापर्यंत कातडी चुरगळलेली आहे. त्याला बघून रंगी गुरगुरते. अंबूबाई तिला गप्प करत नाही. त्यालाही जा म्हणत नाही.