गाडीबरोबर आलेले अण्णा

निवृत्त झाले तेव्हा एक गोष्ट मी ठरवून टाकली होती. जुनी ॲम्बेसेडर घ्यायची. सगळी नोकरी गेवराई भागातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून झाली. बरोबरीच्या बायका निवृत्तीनंतर कुणी बांगड्या केल्या, कुणी चारधाम केलं. मला गाडी हवी होती, आणि तीही माझ्याच वयाची.

हे वेड मामामुळे लागलं. मामाचं गेवराईत हायवेच्या कडेला गॅरेज होतं. शाळेला सुट्टी लागली की मी तिथंच पडलेली असायचे. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून कोणती गाडी आली ते सांगायचे. मामानंच मला पाने ओळखायला शिकवले आणि मोठी झाल्यावर गाडी चालवायलाही शिकवलं. लग्न होऊन चकलांब्याला आले, तिथं ट्रॅक्टर चालवला, स्कूटर चालवली. ॲम्बेसेडर मात्र राहून गेली.

आमचे हे शेती बघतात. ऊस थोडा, कापूस जास्त. त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घे की. पण मग नवी घे. ते जुनं धूड कावून घ्यायचं?"

मी ऐकलं नाही. मोबाइलवर जाहिराती बघत राहिले. जवळपासच्या गाड्या एकतर गंजलेल्या, नाहीतर नको तिथं चकचकीत केलेल्या. मग एका दुपारी एक फोटो दिसला. फणसाच्या झाडाखाली उभी असलेली फिकट हिरवी गाडी, पुढची जाळी बारीक चौकोनांची. गाडी होती कुन्नूरला, निलगिरीच्या डोंगरात.

"कुठंशी हाय हे?" ह्यांनी विचारलं. मी नकाशात दाखवलं. त्यांनी नकाशा बोटानं वर सरकवला, खाली सरकवला आणि म्हणाले, "आगं, हे तर देशाच्या पार टोकाला हाय!"

मी फोन लावला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. हिंदी मोडकी, पण आवाज खणखणीत. मी गाडीची चौकशी करण्याआधी त्यांनीच माझी सुरू केली. गाडी कुणासाठी हवी? माझ्यासाठी. चालवणार कोण? मीच. मग त्यांनी विचारलं, "थंडीत सकाळी चालू झाली नाही तर काय कराल?"

"चोक ओढायचा, आणि एक्सलेटरवर उगाच पाय मारत बसायचं नाही."

"आणि तरीही पेट्रोल जास्त झालं तर?"

"थोडा वेळ गप्प बसायचं."

ते हसले. ही उत्तरं मामाची होती, पण ते मी सांगितलं नाही. मी नर्स होते हे कळल्यावर तर त्यांचा सूरच बदलला. ते स्वतः एका चहाच्या मळ्यातल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गाडी मूळची तिथल्या डॉक्टरांची. डॉक्टर मळा सोडून गेले तेव्हा या कंपाउंडरांनी ती घेतली. नंतर मळ्यातल्या कुणालाही खाली मोठ्या दवाखान्यात न्यायचं झालं की हीच गाडी. मागच्या सीटवर एक मुलगीसुद्धा जन्मली होती. आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती. कोइंबतूरची माणसं येऊन गेली, लग्नाच्या वरातीसाठी मागत होती, त्यांना त्यांनी परत पाठवलं.

"तुम्ही गाडी कुठे ठेवाल?" त्यांनी विचारलं. मी व्हिडिओ कॉल करून आमचं पत्र्याचं शेड दाखवलं. शेडमध्ये कापूस भरलेला होता. ते म्हणाले, "कापूस उचलला की या."

मार्चमध्ये कापूस विकला आणि आम्ही दोघं निघालो. सोलापूरहून रेल्वेनं कोइंबतूर, तिथून बसनं वर. त्यांच्या बायकोनं आमचं मनापासून स्वागत केलं. त्या शाळेत हिंदी शिकवायच्या, त्यामुळे त्यांची हिंदी अगदी स्वच्छ. आमची हिंदी गेवराईची, "हमारे को" आणि "नक्को"वाली. त्या ऐकून हसायच्या आणि पुन्हा बोलायला लावायच्या. म्हाताऱ्यांना काय म्हणायचं असा मला प्रश्न होता. मी "अण्णा" म्हटलं. त्यांच्याकडे अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडेही मानाचंच. ते मला सिस्टर म्हणू लागले आणि ह्यांना तम्बी, म्हणजे धाकटा भाऊ.

रात्री वाढता वाढता त्यांच्या बायकोनं मला हळूच सांगितलं, "ये गाड़ी छोड़ेंगे नहीं. संभालना." मी थट्टा समजले.

सकाळी कागदपत्रं हातात आली, किल्ली आली. मी गाडी चालू केली आणि खरं सांगते, तो आवाज ऐकून मला मामाच्या गॅरेजातल्या ग्रीसचा वास आला. तेवढ्यात अण्णा घरातून बाहेर आले. अंगात स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाले, "घाट अवघड आहे. ब्रेक तुमच्या सवयीचे नाहीत. मी खाली मेट्टुपालयमपर्यंत येतो, तिथून छोट्या रेल्वेनं वर परत येईन."

पुढची सीट सलग बाकासारखी. अण्णा माझ्याशेजारी बसले, हे मागं पिशव्यांबरोबर. घाटभर एकच चाललं होतं: "सेकंड, सिस्टर. सेकंड. आता हॉर्न."

मेट्टुपालयमला चहा प्यायलो. वर जाणारी रेल्वे तर भल्या सकाळीच निघून गेली होती, आणि हे अण्णांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ते म्हणाले, "मग कोइंबतूरला उतरतो. तिथून बस पुष्कळ." कोइंबतूरजवळ आल्यावर म्हणाले, सेलमला मेहुणी राहते, बरेच दिवसांत गाठ नाही. सेलम आलं तेव्हा मेहुणीचं नावही निघालं नाही.

मागून हे मराठीत म्हणाले, "ह्यो माणूस उतरायचा न्हाई बघ."

"तम्बी काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"चहा घेऊ म्हणतात," मी म्हटलं.

बेंगळुरूला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी चित्रदुर्ग मागं टाकलं, आणि मग उतरण्याचा विषय कुणीच काढला नाही. मला आतून चिडचिड होत होती. हा प्रवास मी मनात कितीदा केला होता. त्यात मी होते, गाडी होती, फार तर मागच्या सीटवर झोपलेले हे होते. गियर बदलायच्या आधी हवेतच हात फिरवणारे अण्णा त्यात नव्हते. होस्पेटच्या अलीकडे मी बोलून गेले, "अण्णा, गाडी मी चालवतेय."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. मला फार वाईट वाटलं. मागून ह्यांनी भाजलेल्या शेंगांचा कागद पुढं केला. अण्णांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले, तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

इलकल सोडलं आणि ऊन पेटलं. तापमानाचा काटा चढायला लागला. मी वेग कमी केला, काचा सगळ्या खाली केल्या, तरी काटा उतरेना. विजापूर बरंच लांब असताना बॉनेटमधून वाफ निघाली. चिंचेच्या एका झाडाखाली गाडी उभी केली.

अण्णा खाली उतरले. त्यांनी स्वेटर तर केव्हाच काढला होता, आता शर्टही घामानं चिकटला होता. बॉनेटवर हात टेकवायला गेले आणि चटका बसून मागं झाले. "असं कधीच झालं नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

आमच्याकडचं पाणी संपत आलं होतं. तेवढ्यात एक ट्रक आमच्याशेजारी थांबला. वर गाठोडी, भांडी, दोन शेळ्या आणि माणसं. केबिनमधून एकानं आमच्या बोलण्यावरून ओळखलं.

"कुठले वो तुमी?"

"चकलांबा," हे म्हणाले.

"आमी तेलगावचे! कारखान्यावर गेलतो, आता पट्टा पडला, चाललो घरला."

ऊसतोडीची टोळी होती, कारखान्याचा हंगाम संपवून परतणारी. एका बाईनं वरून पाण्याचा ड्रम खाली द्यायला लावला. गाडी निवेपर्यंत ती माझ्याजवळ उभी राहिली. "बाई, तुमीच चालवता व्हय? एवढ्या लांबून?" तिनं आत वाकून स्टिअरिंगला हात लावून बघितला. "लई भारी हाय." इंजिन निवल्यावर तिनंच कळशीनं पाणी ओतलं, मी झाकण धरलं. आमचा कॅन भरून देऊन ट्रक निघून गेला.

अण्णा सगळा वेळ झाडाच्या बुंध्याशी बसून होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "सिस्टर, ही थंड हवेत वाढलेली गाडी. तुमच्याकडे टिकायची नाही. मी परत नेतो. तुमचं सगळं परत करतो."

हे ताडकन उठले. "आसं कुठं आसतंय व्हय? इकत घेतली आपण ती!"

मी ह्यांना हातानंच थांबवलं. चाळीस अंशात म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो, हे मी दवाखान्यात शिकले होते. मी एवढंच म्हटलं, "अण्णा, आधी आमच्या घरी चला. आठवडाभर राहा. तिला तिथं बघा. मग बोलू."

विजापूरला एका मेकॅनिकनं रेडिएटर सोडवून उलट्या बाजूनं पाणी मारलं. आतून गंजाचा तांबडा गाळ निघाला, निघतच राहिला. डोंगरातल्या गारव्यात त्याचा कुणाला पत्ताच लागला नव्हता. अण्णा बाजूला उभे राहून ते बघत होते.

संध्याकाळी लॉजवर त्यांच्या बायकोचा मला फोन आला. अण्णांचं म्हणणं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. आमचा एक कुत्रा होता, तो ह्यांनी ओळखीच्यांना दिला. दुसऱ्याच दिवशी जाऊन परत आणला. तो म्हातारा होऊन आमच्याकडेच गेला." मग म्हणाल्या, "पण ठेवून घ्या थोडे दिवस. मी घराला रंग लावून घेते."

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. कुत्र्याची गोष्ट डोक्यात फिरत राहिली.

चकलांब्याला पोचलो तर गाडी बघायला अर्धं गाव आलं, आणि गाडीपेक्षा जास्त अण्णांना बघून गेलं. ते लिंबाखाली बाजेवर बसायचे. आलेल्या प्रत्येकाला इंजिन उघडून दाखवायचे. ज्वारीची भाकरी त्यांना आवडली, पण ताकात कुस्करून, वर लोणचं घेऊन. आमच्या शेजारणीला त्यांनी औषधाच्या गोळ्या वेळेवर घ्यायचा दम दिला, तमिळमध्येच, आणि तिला तो समजला.

मी रोज उजाडल्यावर गाडी काढायचे. गेवराईला जाऊन भाजी, बाजार, काय असेल ते घेऊन ऊन चढायच्या आत परत. अण्णा आता मागं बसायचे, पण माझ्या खांद्यावरून त्यांचं सगळं लक्ष काट्यावर. काटा मध्यावर यायचा आणि तिथंच राहायचा. गाडी परत न्यायचा विषय मी काढत नव्हते.

खरी अडचण शेडची होती. दुपारी पत्रा असा तापायचा की आत पाय ठेववत नसे. एक दिवस मी आतल्या खोलीत पडले होते आणि बाहेर ह्यांचा आवाज आला, "अण्णा, पकडो. ऐसा नक्को, ऐसा." बाहेर येऊन बघते तर हे शिडीवर, अण्णा खाली. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या अण्णा वर देत होते आणि हे पत्र्यावर अंथरत होते. दोघांचीही वयं असल्या कामाची नाहीत. मी ओरडणार होते, पण चहा ठेवायला आत गेले. काम संपेपर्यंत दोघांत काय बोलणं झालं कुणास ठाऊक. एकाला मराठी येत होती, एकाला तमिळ, आणि हिंदी दोघांनाही बेताची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अण्णा शेडमध्ये जाऊन बराच वेळ उभे राहिले. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "सोलापूरहून कोइंबतूरची गाडी कधी असते?"

मी विचारलं, "आणि ही?"

"हिला कुठे नेऊ?" ते म्हणाले. "मी एवढी वर्षं तिला झाडाखाली ठेवली. वरून फणस पडायचे. तम्बीनं छपराला छप्पर घातलं." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "आणि चालवणार कोण? तुम्ही चांगली चालवता. फक्त क्लचवर पाय ठेवून बसू नका."

मी पाय ठेवून बसते, हे खरं आहे.

त्यांना सोडायला आम्ही ॲम्बेसेडरनंच सोलापूरला गेलो. पहाटेच निघालो, अण्णा पुढं माझ्याशेजारी. बीड गेलं, तुळजापूरचा घाट उतरलो. घाट उतरताना मी मुद्दाम सेकंडवर घेतली आणि शेजारी बघितलं, तर अण्णा झोपले होते. तोंड थोडं उघडं, पिशवी छातीशी धरलेली. पार सोलापूर स्टेशनपर्यंत त्यांना जाग आली नाही.

स्टेशनवर त्यांनी गाडीकडं वळून पाहिलं नाही. ह्यांचा हात धरला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी सांभाळत डब्यात चढले.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्या बायकोचा फोन आला. मला वाटलं, गाडीची चौकशी असेल. त्या वैतागून म्हणाल्या, "ये क्या सिखाके भेजा आपने? सकाळपासून हे भाकऱ्या थापतायत, स्वयंपाकघरात पीठच पीठ झालंय. एक भाकरी धड होत नाही, सगळ्या तुटतात."

"पाणी गरम घेतलं का?" मी विचारलं.

त्यांनी आत ओरडून विचारलं. आतून अण्णांचा आवाज आला: गार.

"फोन त्यांना द्या," मी म्हटलं, आणि ओट्याला टेकून उभी राहिले.