आत्याचा डंक आणि माझं पत्रक

आमच्या घरात पत्रकं रद्दीत जात नसत. बाबा कारखान्याच्या गेटवर ती वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. त्यांचा धडा एकच होता : पत्रकात पुरावा हवा आणि पुराव्याला पत्ता हवा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका उन्हाळ्यात हाच धडा गिरवून मी नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना दुखावलं. पत्रक काढल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. त्यात जे छापलं, त्याचा आहे.

तळमजल्यावरचे पाच गाळे सोसायटीच्या मालकीचे होते. गावोगावी एकसारखी दुकानं काढणाऱ्या एका कंपनीने त्यातले चार घेऊन सुपरमार्केट थाटलं होतं. पाचव्यात आत्याचं मसाला कांडप होतं. ती उरणजवळच्या मोऱ्याची कोळीण. मासळीची पाटी खाली ठेवून तिने डंकाचं यंत्र घेतलं आणि साऱ्या सेक्टरची आत्या झाली. आता कंपनीला गोदामासाठी तिचा गाळा हवा होता. बदल्यात कंपनी इमारतींना रंग लावून देणार होती. आत्याचा करार संपत आला होता, तो वाढवायचा की नाही हे रविवारच्या सभेत ठरणार होतं.

"तिखट उडतं गं, म्हातारी माणसं खोकतात," सेक्रेटरी काका जिन्यात म्हणाले. "आता सगळं पाकिटात मिळतं. काळाबरोबर चालायला शिक."

"काळ काय कंपनीच्या टेम्पोतून येतो का, काका?"

"बापावर गेलीस," ते म्हणाले. मला ती शाबासकी वाटली.

पुरावा गोळा करायला मी तीन दिवस आत्याच्या पायरीवर बसले. बायका मिरच्या उन्हात वाळवून, देठं खुडून, खडा मसाला भाजून आणत. डबा फडक्याने झाकलेला. जिची पाळी असेल तिने आत यायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आधीच्या बाईचा वास आपल्या मसाल्यात उतरू नये म्हणून पहिली मूठ नुसती फिरवून वेगळी काढायची. फडकं बाजूला झालं की मी पाहत होते आणि वहीत लिहीत होते.

शनिवारी सकाळी पत्रक दारोदार पोचलं. एकाच पाकिटाची चव साऱ्या शहराच्या जिभेवर का लादता, असं मी खडसावून विचारलं होतं. ते आजही विचारीन. पण खाली पुरावा होता : सात नंबर इमारत, तिसरा मजला, बेडगी किती, लवंगी किती, दगडफूल किती. अशी पाच घरं. पाचवं आमचं.

पहिली बेल तिसऱ्या मजल्यावरच्या खालांनी वाजवली. त्या मुरूडकडच्या, एरवी मला ईदला डबा भरून देणाऱ्या. "माझ्या सासूने बारा वर्षं मला प्रमाण सांगितलं नव्हतं. तू एका सकाळी सगळ्या सोसायटीला सांगितलंस?"

आई पोळ्या लाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आपल्या येसर मसाल्याचंही प्रमाण छापलंस. तुझ्या बाबांनी कधी घरचं छापलं नाही."

मी खाली धावले. सुपरमार्केटचा मॅनेजर दारात उभा राहून पत्रक वाचत होता. नीट घडी घालून त्याने ते खिशात ठेवलं. आता पाचही घरांचं प्रमाण कंपनीकडे होतं.

आत्याने यंत्र बंद केलं. "गो पोरी, एकीचा मसाला दुसरीला मी आजपावेतो सांगला नाय. तेच माझं दुकान हाय. डंक काय, कुनीबी आनंल."



रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. एरवी दहा-बारा माणसं येत. त्या दिवशी बायकाच चाळीसेक होत्या, कारण सभेची वेळ पत्रकात मीच छापली होती. आधी मला झोडपलं. मी उभी राहून ऐकलं आणि माफी मागितली.

काका खुलले. "बघा, महिलावर्गही नाराज आहे. मग गाळा कंपनीला द्यायचा ठराव..."

"थांबा भाऊ," खाला उठल्या. "पोरीचं आम्ही पोरीशी बघू. गाळ्याचं कोण बोललं? माझा मसाला काय तुमचा मॅनेजर कांडणार, फडक्याखाली न डोकावता?"

"त्याने तर पत्रक खिशात घातलंय," मी म्हणाले.

एकदम गलका झाला. काकांनी टेबल वाजवलं. "मतदान फक्त सभासदांचं! वहिनी, फ्लॅट साहेबांच्या नावावर आहे."

खालांनी मागे वळून पाहिलं. "ऐकलंत ना? हात वर करा."

त्यांच्या साहेबांनी केला. मग दुसऱ्या एका साहेबांनी, मग आईकडे एकदा बघून माझ्या बाबांनी, मग एकामागून एक बऱ्याच जणांनी. काकांनी मोजले, पुन्हा मोजले. आत्याचा करार वाढला होता.

"ठीक आहे, हात खाली घ्या."

"आधी लिहा," आई म्हणाली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. "कांडप राहील, असं वहीत लिहा. मग हात खाली येतील."

काका पेन शोधू लागले. तोवर मीही हात वर केला होता. मला मताचा हक्क नव्हता, आणि कडेला उभी असलेली आत्या माझ्याकडे बघतही नव्हती. काकांचं अक्षर सावकाश. शेवटची ओळ पुरी होईपर्यंत कुणीही हात खाली घेतला नाही.