पुरून पेटवलेला कोळसा

लोखंड कापलं की कीस साठतो, आणि आमच्या शेडमध्ये माणसं जमली की किस्से! शिरूरजवळ आम्ही फॅब्रिकेशनची कामं करतो. मध्यंतरी एका कंपनीची ट्रायल आली. कोळसा खणून काढायचाच नाही. जमिनीखालीच पेटवायचा, गॅस वर घ्यायचा, त्यावर वीज करायची आणि जमलं तर डिझेलसुद्धा! आम्ही शेडमागं खड्डा घेतला, कोळसा पुरला, दोन पाईप वर काढले.

*

पहिले चौकशीला आले शेजारच्या रानातले आबा, मूळचे निमोण्याचे. मी समजावलं, "एका पाईपनं हवा खाली जाती, दुसऱ्यानं गॅस वर येतो."

"म्हंजी चूल खाली आन् सैपाक वर?"

"बरोबर, आबा."

"आपल्या रानात हाय का कोळसा?"

"न्हाई. आपल्याकडं खाली नुसता काळा खडक."

"काळा तर हाय ना! पेटवून तर बघा!"

*

गॅस सुरू झाला आणि नासक्या अंड्यांचा वास सुटला. गॅसमधल्या गंधकाचा! दौंडहून येणाऱ्या आमच्या इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मास्क लावून लीकेज बंद केलं. तेवढ्यात कुणीतरी कॅन्टीनच्या मावशींना म्हणालं, "आज आम्लेट नको."

मावशी झारा घेऊनच बाहेर आल्या. "माझी अंडी ताजी हायेत. तुमचा कोळसाच नासलाय!"

*

जनरेटर फिरला, बल्ब लागला, टाळ्या पडल्या. आमच्या फिटरनं लगेच मोबाईल चार्जिंगला लावला. "कोळशावर चार्ज झालेला माझा पहिला मोबाईल!"

साहेब म्हणाले, "का? घरची वीज काय दुधावर बनते?"

*

मग डिझेलची पाळी. गॅस गरम नळीतून नेऊन थंड केला. बाटलीत थेंब पडायला लागले. सगळे वाकून बघतायत!

साहेबांनी बाटली उजेडात धरली. "वर तेलाचा तवंग आहे. खाली सगळं पाणी."

आबांनी हातच जोडले. "तेल तुम्हाला ठेवा. हे मशीन माझ्या कोरड्या बोरवर बसवा!"

*

आमचा वेल्डर महतो झारखंडचा. त्याच्या गावाखालचा कोळसा त्याच्या जन्माआधीपासून जळतोय. जमीन तापते, भिंती तडकतात. लोक गाव सोडून गेले, त्याची आई गेली नाही.

ट्रायल संपली. साहेबांनी हवा बंद केली, खाली पाणी सोडलं. पाईपच्या तोंडाची ज्योत बारीक झाली, विझली. दोन दिवसांनी खड्डा गार झाला, तेव्हा महतोनं आईला व्हिडिओ कॉल लावला.

"अम्मा, देखो. ज़मीन के नीचे की आग थी. हमने बुझा दी."

आईनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "झूठ. हाथ रख के दिखा."

महतो गुडघ्यांवर बसला. फोन एका हातात धरून दुसरा तळवा त्यानं मातीवर टेकवला.

साहेब निघाले होते, ते थांबले. मावशी चहा घेऊन आल्या, त्याही थांबल्या.

पलीकडून आवाज आला, "और थोड़ी देर रख."